‘शू’ म्हणजे नक्की काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात सव्वादोन वर्षांचा मुलगा दिवसातून आठ-दहा वेळा ‘शू?’ म्हणायचा, आणि दर वेळी त्याच्या आजी हातातलं काम टाकून त्याला मोरीकडे न्यायच्या. चड्डी उतरवायच्या, नळ सोडायच्या, स्वतः ‘शूऽऽ’ करून दाखवायच्या. तो आपला नळाकडे बोट करून पुन्हा ‘शू?’ आजी वैतागायच्या. हा किस्सा मला त्यांनीच सांगितला, पण तिसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

मूल उशिरा बोलतंय म्हणून पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात, त्यातल्याच एका घराबद्दल, घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं बदलली आहेत, पत्ताही थोडा इकडचा तिकडे केला आहे. मुलगा निहार. आई किंजल, माहेर नडियादचं, गुजराती. वडील अमोल, बडोद्यातल्या मराठी घराची चौथी पिढी, मकरपुऱ्याला एका कारखान्यात नोकरी. आणि आजी.

किंजलने खुर्चीत नीट टेकायच्या आधीच सुरुवात केली. “बेन, हवे अमे घरमां इंग्लिश ज बोलीए छीए, तोय नथी बोलतो.” आता आम्ही घरात फक्त इंग्लिशच बोलतो, तरी हा बोलत नाही. ती हे मला गुजरातीत सांगत होती, अमोल मध्येमध्ये मराठीत भर घालत होता, आणि दोघंही निहारकडे वळले की, “निहार, सिट प्रॉपरली. नो टचिंग.” त्या दोन वाक्यांपुरते त्यांचे आवाजसुद्धा बदलत होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाठ केलेलं भाषण म्हणताना मुलांचे होतात ना, तसे.

झालं होतं असं, की प्लेग्रुपच्या टीचरनी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं, मुलगा वयाच्या मानाने फार कमी बोलतो. घरात मराठी, गुजराती दोन्ही असल्यामुळे गोंधळलाय. एकच भाषा ठेवा, पुढे शाळा इंग्लिश मीडियमचीच आहे तर इंग्लिशच ठेवा. किंजलने त्याच संध्याकाळी नियम केला. टीव्हीवर इंग्लिश, मोबाईलवर इंग्लिश राइम्स, जेवताना इंग्लिश.

मी आजींकडे पाहिलं. “आणि तुम्ही, आजी?”

उत्तर अमोलने दिलं. “आई आता त्याच्याशी फारसं बोलत नाही. म्हणजे तिला इंग्लिश येत नाही ना. उगाच कन्फ्युज होईल.”

किंजल नोकरी करते. सकाळी दोन तास प्लेग्रुप सोडला तर संध्याकाळी सहापर्यंत निहार आजींजवळच असतो. मी वहीत एवढंच लिहिलं, ‘सात तास, गप्प’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

ही काळजी घेऊन बडोद्यात माझ्याकडे जितकी मराठी घरं येतात तितकी दुसऱ्या कुठल्या काळजीने येत नसतील. आपली तऱ्हाच तशी आहे. आत मराठी, ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्लिश. मूल जरा उशिरा बोललं की बोट थेट भाषांच्या गर्दीकडे जातं. पण घरात किती भाषा आहेत हा माझा पहिला प्रश्न नसतो. मूल काही दाखवायला येतं का, हे मी आधी बघते.

बोलता बोलता मी पाणी घ्यायला उठले आणि अमोलला खूण केली. त्याने निहारच्या डोळ्यांदेखत माझं चष्म्याचं घर उचलून गादीवरच्या उशीखाली सरकवलं. मी परत येऊन टेबल चाचपायला लागले. “अरे, माझं चष्म्याचं घर कुठे गेलं?” निहार हातातली गाडी फिरवायची थांबला. माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग हात लांब केला, बोट उशीवर, आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. “आ लयुं.” आ रह्युं, हे बघ इथे.

“बघितलंत?” मी म्हटलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही. मला पुष्कळ वाटलं.

हा खेळ मी स्वतः शोधलेला नाही. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मायकल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्षाच्या आणि दीड वर्षाच्या बाळांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. मोठं माणूस एखादी वस्तू वापरत असतं, ती दुसरीकडे जाते, माणूस शोधायला लागतं, आणि बाळ बोटाने दाखवतं. बाळाला ती वस्तू नको असते. समोरच्याला ती सापडावी, एवढंच त्याला हवं असतं. माणसांत वाढलेले चिंपांझी खाऊकडे हात लांबवतात, मला दे म्हणून. पण तुला कळावं म्हणून दाखवतो, असं त्यांच्यात जवळपास दिसत नाही. टोमासेलोंचं म्हणणं असं की माणसाची बोली याच बोटावर उभी राहिली, आधी हातवारे आणि मागून शब्द. हे सगळ्यांना मान्य नाही. केनियातल्या अंबोसेलीची व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळ्या हाका देतात, हे १९८० मध्ये दाखवलं गेलं, आणि काही जण भाषेचं मूळ अशा हाकांमध्ये शोधतात. वाद जुना आहे. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने तर १८६६ मध्ये भाषेच्या उगमावर निबंधच घेणार नाही असा नियम करून टाकला होता. माझ्या खोलीपुरता मी टोमासेलोंच्या बाजूने झुकते, कारण रोज बघते. शब्द कमी आहेत पण बोट आणि नजर जागेवर आहे, अशा मुलाच्या बाबतीत माझा जीव अर्धा खाली पडतो.

अर्धाच. उरलेला कानांसाठी राखून ठेवावा लागतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीचं न बोलणं वर्षभर ‘घरात तीन भाषा आहेत, येईल हळूहळू’ म्हणून खपवलं गेलं होतं, आणि शेवटी दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हापासून मी कानांची तपासणी झाल्याशिवाय पुढचं बोलत नाही. वर्षाचं होईपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, यातलं काही असेल तर घरात एक भाषा असो की पाच, थांबायचं नाही. निहारलाही बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी कानांची तपासणी, करून घ्यायला पाठवलं. रिपोर्ट व्यवस्थित आला.

त्याबरोबर मी त्यांना एक गृहपाठ दिला. तिघांनी वेगवेगळे कागद घ्यायचे आणि आठवडाभर निहारच्या तोंडून येणारे शब्द लिहायचे. भाषा कुठलीही चालेल, उच्चार बोबडा चालेल, फक्त दर वेळी त्याच गोष्टीसाठी तोच आवाज यायला हवा. “आईंनी पण?” किंजलने विचारलं. आजींनी तर पहिलं लिहायचं, मी म्हटलं.

दुसऱ्या भेटीत कागद टेबलावर मांडले. किंजलचा कागद मोबाईलवर टाइप करून प्रिंट काढलेला होता, वर ठळक अक्षरात ‘इंग्लिश’. त्याखाली बॉल, कार, बाय, नो आणि आणखी तीन-चार. खाली थोडे गुजराती शब्द, कंसात टाकलेले, गुन्हा कबूल केल्यासारखे. अमोलचा कागद अर्धा रिकामा. आजींनी मात्र कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने ओळीने लिहिलं होतं. काऊ, चिऊ, माऊ, गाई, हम्मा, दे, नको, अजून, बस, गेला, पडला, उई, पोळी, भात, वरण, चमचा, बाप्पा, टिळा. उत्तर द्यायला मनाई होती, ऐकायला नव्हती.

दूध, पाणी, मामा, काका असे दोन्हीकडचे सारखे शब्द एकदाच धरले तरी एकसष्ट भरले. ‘काही बोलत नाही’ म्हणून आलेलं पोर. दोन वर्षांच्या मुलाकडे किमान पन्नास तरी शब्द असावेत, असा ढोबळ अंदाज धरतात. एका भाषेच्या टोपलीत पाहिलं तर निहार मागे पडतो, सगळ्या टोपल्या एकत्र केल्या तर पडत नाही. मायामीमध्ये बार्बरा पिअर्सन यांनी १९९३ मध्ये स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही ऐकत वाढणाऱ्या मुलांचे शब्द असेच मोजले होते. दोन्हींची बेरीज केली की ही मुलं एकभाषक मुलांच्या बरोबरीने उभी राहतात, हे तिथून कळलं. टीचरची मोजणी चुकली नव्हती. त्यांना त्यांच्या टोपलीतलेच शब्द ऐकू येत होते.

पण कागदांवरच्या दोन नोंदींनी मला खुर्चीवर पुढे सरकवलं. आजींच्या कागदावर: ‘भू – भूर जायचं.’ किंजलच्या कागदावर: ‘भू – वॉटर.’

गुजराती घरात बाळाला पाणी पाजताना भू म्हणतात. मराठी घरात बाळ भूर जातं, म्हणजे बाहेर. निहार ‘भू’ म्हणाला की दुपारी आजी त्याला चपला घालून न्यायमंदिराच्या बाजूला फिरवून आणायच्या आणि संध्याकाळी आई पाण्याचा कप पुढे करायची. दोघी आपापल्या जागी बरोबर. मी विचारलं, आजींनी चपला काढल्या की तो काय करतो? आजी पहिल्यांदा हसल्या. “कधी खूश असतो, कधी माठाकडे ओढतो मला.” म्हणजे तो समजावून सांगत होता. पुन्हा बोटानेच.

आणि किंजलच्या कागदाच्या तळाशी, ‘चुका’ अशा मथळ्याखाली, ‘अजून आप’.

मी तिला विचारलं, हे कधी म्हणाला? शिरा खाताना, ती म्हणाली. अजून मराठी, आप गुजराती, म्हणून चूक. मी तो कागद तिच्यासमोर फिरवला. आणखी दे. दोन शब्द, दोन्ही जागच्या जागी, अर्थ पक्का. हे त्याचं वाक्य आहे. सव्वादोन वर्षांच्या माणसाला ‘आणखी’साठी हाताशी आजीचा शब्द होता आणि ‘दे’साठी आईचा, त्याने दोन्ही वापरले. आपण मोठे तेच करतो. किंजल स्वतः अर्धा तास माझ्याशी ‘रिपोर्ट नॉर्मल आव्यो’ अशा भाषेत बोलत होती, आणि तिला ती चूक वाटत नव्हती. तिने बॉलपेन मागितलं आणि ‘चुका’ खोडलं.

आता एकच भाषा बोला हा सल्ला येतो कुठून, ते सांगते, कारण तो एकेकाळी मीही दिला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांच्या बुद्धिचाचण्या त्यांना नीट न येणाऱ्या इंग्लिशमध्ये घेतल्या जायच्या. ती मागे पडायची आणि दोष दोन भाषांवर जायचा. १९६२ मध्ये माँट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारी आणि एकच येणारी मुलं सारख्या परिस्थितीतली निवडून तपासली, तर दुभाषक मुलं उलट पुढे निघाली. पुढे मग दुसऱ्या टोकाचा उत्साह आला, दुभाषक मुलं जास्त हुशार होतात वगैरे. त्यावर संशोधकांतच भांडणं आहेत, आणि मी पालकांना ते गाजर दाखवत नाही. नुकसान होत नाही, एवढं मला पुरतं.

माझ्या हातून झालं ते असं. नवी नवी होते, कारेलीबागेतलं एक घर आलं, परिस्थिती जवळपास हीच. मी जुन्या पुस्तकातलं ऐकवलं, एक भाषा धरा. त्यांनी गुजराती धरली. सोळा वर्षांनी तो मुलगा आणि त्याची आजी मला खंडेराव मार्केटमध्ये भेटले. उंच झालाय, छान बोलतो. आजी मराठीत विचारतात, तो गुजरातीत उत्तर देतो. आजी मला म्हणाल्या, “समजतं हं त्याला सगळं.” एवढंच म्हणाल्या. मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी राहिले. त्याचं शिक्षण अडलं नाही, काही बिघडलं नाही, असं म्हणता येईल. मला तसं म्हणता येत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या जवळजवळ १९०० घरांची पाहणी आनिक द हाउवर यांनी २००७ मध्ये मांडली. घरात बाहेरच्यापेक्षा वेगळी भाषा बोलली जात असूनही साधारण चारातलं एक मूल ती बोलत नव्हतं. बाहेरची भाषा येईलच, तिची फार काळजी करू नये. गळते ती घरातली.

अमोलचा मुद्दा वेगळा होता. मराठी ठेवू, गुजराती ठेवू, पण इंग्लिशचं काय? मोबाईलवर दिवसभर राइम्स लावतोच आहोत. म्हणून त्याला मी सिएटलचा प्रयोग सांगितला. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवलं, साधारण पंचवीस मिनिटांची बारा सत्रं. एका गटाशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच खेळ, पण पडद्यावर. माणसांबरोबर खेळलेल्या बाळांना मँडरिनचे ध्वनी वेगळे ओळखू आले. पडद्यावाल्यांना काहीही नाही. अमोलने मोबाईल खिशात टाकला. उगाच नाही अकबराच्या गुंग महालाची गोष्ट सांगत, न बोलणाऱ्या दायांच्या हाती वाढवलेली मुलं कुठली म्हणून भाषा बोलली नाहीत. तुमच्या घरात, मी जरा कडकच म्हटलं, सात तास गुंग महाल चालू आहे, आणि वर टीव्ही.

आजींनी पदर डोळ्यांना लावला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

आणि इंग्लिशसाठी एवढी घाई कशाला? जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये कॅनडात दाखवलं, की सहा-आठ महिन्यांच्या इंग्लिश घरांतल्या बाळांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक ऐकू येतो, आणि वर्षाचं होईतो तो बहुतेकांच्या कानांतून निघून जातो, कारण आजूबाजूला कुणी तसं बोलत नाही. निहारच्या कानात आजींचा ‘चमचा’तला, दातांजवळून येणारा मराठी च आहे, आईच्या बोलण्यात तो नाही. हे असलं सामान फुकट मिळतंय ते घेऊन ठेवावं. इंग्लिशला शाळा आहे.

नियम म्हणून मी फार काही दिलं नाही. ज्याला जी भाषा झोपेत येते तिच्यात त्याने बोलावं. एक माणूस एक भाषा अशी पद्धत आहे, फ्रान्सच्या झ्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाला फ्रेंच-जर्मन असं वाढवून १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. जमलं तर ठीक. पण किंजल कधी मराठी बोलली, आजी कधी ‘केम छे’ म्हणाल्या तर कुणाला दंड नको. निहारने बोट दाखवलं की आधी त्या वस्तूकडे बघायचं, मग तिच्याबद्दल बोलायचं. मिक्स बोलला तर टोकायचं नाही, आपण पूर्ण वाक्य म्हणून दाखवायचं. तीन महिन्यांत वेग दिसला नाही तर स्पीच थेरपिस्टकडे. प्लेग्रुपच्या टीचरना मी किंजलच्या समोर फोन केला. भल्या बाई आहेत, तीस मुलं सांभाळतात. त्यांनी कागदांच्या झेरॉक्स मागून घेतल्या.

तिसऱ्या भेटीला आजी एकट्या निहारला रिक्षातून घेऊन आल्या, आणि बसल्या बसल्या बोलायलाच लागल्या. आमच्या महाराजांना बारा वर्षांपर्यंत अक्षरओळख नव्हती, दत्तक आले नि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं शिकले, ते काय कन्फ्युज झाले? सयाजीराव महाराजांचा दाखला दिल्याशिवाय बडोद्यात कुठलाच वाद पुरा होत नाही. वाचायला शिकणं वेगळं आणि बोलायला शिकणं वेगळं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मग तो मोरीचा किस्सा आला. रात्री किंजलला सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला होता. “अहो आई, शुं? काय, काय असं विचारतोय तो.” दोन महिने पोरगं नळ, बादली, पाल, दिवा, दिसेल त्याचं नाव विचारत होतं आणि आजी त्याची चड्डी उतरवत होत्या. “एक शब्द सांगितला नाही ने मी त्याला,” आजी म्हणाल्या. “बोलायचं नाही म्हटलं होतं.”

परवा चौथी भेट झाली. सगळे आले होते. निहार माझ्या टेबलफॅनसमोर उभा राहिला, आईकडे वळून म्हणाला, “शू?” किंजल म्हणाली, “पंखो.” त्याने मान वळवली, आजींकडे बघितलं. “काय?”

आजी सवयीने अर्ध्या उठल्या होत्या. तशाच पुन्हा बसल्या. “पंखा रे, बाळा. पंखा.”